पिवळ्या शेतावरून

रॉकेलचा वास आला की मला तू आठवतोस, दादा. तू सुट्टीवर घरी यायचास तेव्हा तुझ्या आधी तुझी बॅग आत यायची आणि बॅगेच्याही आधी तो वास. डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांना रॉकेल नवं नव्हतं. पण तुझ्या कपड्यांतलं रॉकेल निराळं होतं, पातळ आणि थंड, घामात आणि कातड्याच्या हातमोज्यांत मुरलेलं. तुझे कपडे बादलीत बुडवताना आई विचारायची, "विमान चालवतोस की स्टोव्ह पेटवतोस रे?" तू म्हणायचास, "एकच गोष्ट आहे, आई. माझा स्टोव्ह जरा लांबवर जातो."

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. भेटायला येणारे लोक माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधतात आणि ते न सापडल्यामुळे थोडे नाराज होऊन परततात. त्यांना कसं सांगू, की मला हलकं वाटतंय. मी सतरा वर्षांची असताना, एकाहत्तरच्या त्या डिसेंबरमध्ये, खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवून आम्ही बसलो होतो, तेव्हा तारवाल्याच्या सायकलची घंटा माझ्या पोटात जाऊन बसली. युद्ध चौदा दिवसांत संपलं. घंटा पंचवीस वर्षं तिथेच होती. तू उडणं सोडलंस, ठाण्याला आलास, वर्तकनगरात घर घेतलंस, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आगीचे बंब आणि वाळूच्या बादल्या तपासण्याची नोकरी धरलीस, तरीही ती होतीच. आणि शेवटी तू गेलास तो उशीवर डोकं ठेवून, अंगावर आईची गोधडी घेऊन, दुपारी, खिडकीतून शेजारच्या इमारतीतल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत असताना. तुझा हात माझ्या हातात होता. तार आली नाही, दादा. माझ्या देखत गेलास. यासाठी मी कुणाचे आभार मानू हे मला ठाऊक नाही, पण मानते आहे.

तुझं युद्ध एका पानात मावलं होतं. तुझं लॉगबुक तू मला एकदाच हातात घेऊ दिलंस. प्रत्येक उड्डाणाला एक ओळ: तारीख, विमानाचा क्रमांक, किती मिनिटं, आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. बाकीच्या पानांवर तुझं अक्षर शाळकरी मुलासारखं गोल आणि आनंदी आहे. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलंस त्या ओळीखाली तर तू पेन दाबून दुहेरी रेघ मारली आहेस. युद्धाच्या पानावर अकरा ओळी आहेत. सातव्या ओळीनंतर अक्षर बारीक होतं.

त्या दिवसांत तुझी कार्डं यायची. प्रत्येक कार्डावर तीच तीन वाक्यं: मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. थंडी आहे. आई ती कार्डं देवाच्या पुस्तकात ठेवायची. मग एक कार्ड आलं त्यात एकच वाक्य होतं, थंडी आहे. वडील म्हणाले, घाईत असेल. आईने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "हा जेवत नाहीये." मी आजवर वाचलेल्या कवितांच्या रसग्रहणांत इतकं अचूक रसग्रहण दुसरं नाही.

ती सातवी ओळ गुप्त्यांची होती.

फ्लाइट लेफ्टनंट गुप्ते कल्याणचे, पारनाक्याचे. तू डोंबिवलीचा. पंजाबातल्या त्या तळावर तुम्हा दोघांना सगळे 'शेजारी' म्हणत. विमानं जोडीने उडतात हे तू मला तळहातांनी शिकवलंस. डावा तळहात पुढे, उजवा त्याच्या जरा मागे आणि बाजूला. "हा पुढचा लीडर. तो लक्ष्य बघतो, रस्ता बघतो. आणि हा मागचा, नंबर दोन. याने काही बघायचं नाही. फक्त लीडरची पाठ बघायची. लीडर स्वतःची पाठ बघू शकत नाही, म्हणून नंबर दोन असतो." गुप्ते लीडर होते, तू नंबर दोन. तेवीस वर्षांचा.

ही सवय तुझ्या चालण्यातही उतरली होती. जांभळी नाक्याच्या बाजारात तू नेहमी माझ्या उजवीकडे, अर्धं पाऊल मागे चालायचास, मधूनच मान वळवून मागे बघायचास. मी वैतागून म्हणायचे, "अरे, बरोबरीने चाल ना. लोकांना वाटेल गडी घेऊन आलेय." तू म्हणायचास, "मेथी बघ तू. मी मागचं बघतो." मला तेव्हा हसू यायचं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात तू पहिल्यांदा कल्याणला गेलास, आणि मला बरोबर नेलंस. गुप्ते त्या उड्डाणावरून परतले नव्हते. सरकारी पत्रात 'बेपत्ता' असं लिहिलं होतं. वसुधावहिनींच्या लग्नाला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. त्या माझ्याहून पाचच वर्षांनी मोठ्या. त्यांनी पन्ह्याचे पेले आणून ठेवले, समोर बसल्या आणि सरळ विचारलं, "भाऊजी, छत्री उघडली का?" पॅराशूटला त्या छत्री म्हणत. तू पेल्यातल्या वेलदोड्याच्या काळ्या कणांकडे पाहत होतास. म्हणालास, "हो."

त्या एका 'हो'वर ते घर उभं राहिलं. सरकारी कागदांत काहीही लिहिलेलं असो, नंबर दोन स्वतः तिथे होता, त्याने पाहिलं होतं. म्हणजे गुप्ते पलीकडे उतरले होते, पकडले गेले होते, कुठल्यातरी तुरुंगात होते. वहिनींनी शाळेत नोकरी धरली. सुट्ट्यांत अर्ज लिहिले, दिल्लीच्या खेपा केल्या. कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं. आणि दर दिवाळीला कल्याणहून तुझ्यासाठी एक डबा यायचा, खाज्याच्या कानवल्यांचा. इतके तलम पदर, की बोट लागलं तरी चुरा व्हावा. तू तो डबा माझ्याकडे सरकवायचास. "मला तुपकट चालत नाही," म्हणायचास. तुला तुपकट चालायचं, दादा. मोदकांवर तू वाटी वाटी तूप घ्यायचास. मी मात्र विचार न करता वर्षानुवर्षं ते कानवले खात राहिले.

मग चौऱ्याऐंशी साल आलं. बारा वर्षं उलटली होती. गुप्त्यांचे थोरले भाऊ, नाना, वहिनींना घेऊन तुझ्या वर्तकनगरच्या घरी आले. मी कोथिंबिरीच्या वड्या तळत होते. नाना भल्या मनाचा, थकलेला माणूस. म्हणाले, "शास्त्र असं आहे, की बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी करावेत. आई आता अंथरुणातून उठत नाही. तिला वाटतं, धाकट्याचं काय ते आपल्या डोळ्यांदेखत मार्गी लागावं. गुरुजींनी दिवसही काढून दिलाय. पण वसुधा म्हणते, भाऊजी सांगतील ते."

वहिनी तुझ्याकडे पाहत राहिल्या.

नाना म्हणाले, "एकदाच सांगा. छत्री उघडलेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलीत ना?"

कढईत तेल तडतडत होतं. तुझं 'हो' मला त्यातूनही ऐकू आलं. वहिनींनी बशीतून वडीचा दुसरा तुकडा उचलला. भूक लागल्यासारखा. नाना उठताना म्हणाले, "मग राहू दे. जिवंत माणसाचा पुतळा कोण जाळणार."

ते गेल्यावर तू कप विसळत होतास. मी विचारलं, "दादा, तू खरंच पाहिलीस?"

तू नळ बंद केलास. "नाही."

"मग?"

"मग काय? कप पुसून ठेव."

मी ठेवला नाही. जे सुचलं ते सगळं बोलले. एका बाईला तू उंबऱ्यात उभी करून ठेवली आहेस, तिला धड रडू देत नाहीस आणि धड जगूही देत नाहीस, असं म्हणाले. तू म्हणालास, "तुझं बरं आहे. तुझ्या कवितेत कुणी मरत नाही, नुसतं मावळतं." ते मला लागलं, कारण ते खरं होतं. मग मी तो शब्द उच्चारला. म्हणाले, "भित्रा आहेस तू."

अकरा वेळा सीमेपलीकडे जाऊन आलेल्या माणसाला मी, वर्गात शब्दशक्ती शिकवणारी बाई, भित्रा म्हणाले. तू ओले हात टॉवेलला पुसलेस आणि म्हणालास, "हो."

चौदा महिने मी ठाण्याला आले नाही. त्या भाऊबीजेला मी डोंबिवलीत ताट तयार करून तसंच उचलून ठेवलं. पुढे येणंजाणं सुरू झालं, बाजार सुरू झाला, तू पुन्हा अर्धं पाऊल मागे चालू लागलास. पण दर काही महिन्यांनी मी विचारायचे, "कल्याणला कधी जायचं?" आणि तू म्हणायचास, "बघू." मी हे वहिनींसाठी विचारते असं मला वाटायचं. आज, तुझ्या खुर्चीत बसून लिहिताना, तेवढी खात्री उरलेली नाही. सत्याचा पक्ष घेण्यात एक ऐट असते. जिला त्या सत्याची किंमत द्यायची नसते, तिला ती ऐट परवडते. नव्वदच्या आसपास गुप्त्यांच्या आई गेल्या. तू खांदा द्यायला गेलास आणि परत येऊन दोन दिवस कामावर गेला नाहीस.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर डॉक्टरांनी तुझ्या पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं. तू ते एखाद्या स्टेशनचं नाव ऐकावं तसं ऐकलंस. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच तू माझ्या बरोबरीने चाललास, कारण माझा हात धरावा लागत होता. खाली आल्यावर म्हणालास, "गणपती झाले की मला कल्याणला ने."

आपण टॅक्सी केली. वहिनी शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. बोटांवर खडूची पूड होती. तू बसलास, पाणी घेतलं नाहीस आणि सुरुवात केलीस. मी तुला एवढं सलग बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

"वहिनी, मी छत्री पाहिली नाही. पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा तुमचा चेहरा बघवला नाही म्हणून. दुसऱ्यांदा बोललो ते पहिलं झाकायला. रणगाड्यांवर मारा करून आम्ही परत वळलो होतो. खूप खालून. माझं काम एकच होतं, सरांची पाठ बघायची. मी दोन सेकंद नजर काढली. परत बघितलं तेव्हा त्यांचं विमान पेटलेलं होतं आणि पुढच्या क्षणी जमिनीवर होतं. मी एक घिरटी घातली. छत्री नव्हती. काहीच नव्हतं."

वहिनींनी विचारलं, "दोन सेकंद कुठे बघत होतात?"

तू तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवलेस. "खाली शेत होतं. मोहरीचं. लवकर फुललेलं. सगळं पिवळं. मी तसं काही कधी पाहिलं नव्हतं."

एवढंच. चोवीस वर्षं तुझ्या घशात अडकलेली गोष्ट ही होती. शत्रूचं विमान दिसलं म्हणून नव्हे, भीती वाटली म्हणून नव्हे. तेवीस वर्षांच्या, डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या मुलाने फुललेलं शेत पाहिलं म्हणून. माझ्या कवितांना तू 'फुलंबिलं' म्हणायचास, आणि त्यातला कडवटपणा मला कधी उलगडला नव्हता. त्या खोलीत उलगडला. आणि अकरा वर्षांपूर्वी वापरलेला तो शब्द माझ्या तोंडात वाळूसारखा झाला.

वहिनी म्हणाल्या, "चोवीस वर्षं, भाऊजी." मग बोटांवरचा खडू पदराला पुसत, "चौऱ्याऐंशीत तरी सांगायचं होतंत. सासूबाई दाराकडे बघत गेल्या." आवाज चढला नव्हता. चढला असता तर तुला बरं वाटलं असतं. तू मान खाली घातलीस. बाहेर कुणीतरी जिन्यावर सायकल चढवत होतं, तिच्या साखळीचा आवाज पायरीपायरीने वर येत राहिला.

"खूप पिवळं होतं?" त्यांनी अचानक विचारलं.

"नजर पोचेल तिथपर्यंत."

"मग त्यांनीही पाहिलं असेल," वहिनी म्हणाल्या. "ते पुढे होते. तुमच्या आधी त्यांना दिसलं असणार." हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा अगदी हळू. मग उठल्या आणि दाराची कडी काढली. "आज जा तुम्ही. मला एकटीला बसू द्या."

परतीच्या वाटेवर तू टॅक्सीत झोपलास. तोंड उघडं टाकून, घोरत, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "बाबांना लई दिवसांची झोप दिसतेय." मी म्हटलं, "हो, बरीच."

तीन आठवडे कल्याणहून काहीच कळलं नाही. तू विचारायचा नाहीस, पण फोन वाजला की तुझी मान वळायची. मग नानांचा फोन आला. दर्भाच्या पुतळ्याचा दिवस ठरला होता. "वसुधाने सांगितलंय, भाऊजींनी यायलाच हवं. उभं राहवत नसेल तर खुर्ची नेऊ."

आणि तुला खाडीकाठी खुर्चीत बसवलं. ओहोटीच्या चिखलाला खारट, जुनाट वास येत होता. गुरुजींनी दर्भाच्या काड्यांना माणसाचा आकार दिला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. वीतभर हात, वीतभर पाय. नानांनी अग्नी दिला. दर्भ क्षणात पेटला, एवढ्या वर्षांचा माणूस मूठभर ज्वाळेत संपला. वहिनी रडल्या. मोठ्याने, गळा काढून, जशी विधवा पहिल्या दिवशी रडते तशी. चोवीस वर्षांनंतरचं ते रडणं ऐकताना मला वाटलं, हिचा पहिला दिवस आज उजाडतोय. तू खुर्चीतून उठलास. कुणाचा आधार न घेता. आणि त्यांच्या उजवीकडे, अर्धं पाऊल मागे जाऊन उभा राहिलास.

त्या दिवाळीला डबा येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. तोवर तुझ्या पोटात पेजेखेरीज काही ठरत नव्हतं. तू डबा उघडायला सांगितलास, एक कानवला बशीत घेतलास, आणि त्याचा एक एक पदर सोलून जिभेवर ठेवत राहिलास. अर्धा तास लागला तुला. सगळा संपवलास. मग म्हणालास, "इतकी वर्षं हे तू एकटीने खाल्लंस? लाज नाही वाटली?" आपण दोघं हसलो, आणि हसताना तुझं पोट दुखलं, म्हणून तू मला शिवी दिलीस.

त्याच संध्याकाळी मला माफी मागायची होती. तो शब्द परत घ्यायचा होता. तू इतका समाधानाने पडला होतास, की तुला त्या दिवसाकडे न्यावंसं वाटलं नाही. उद्या, म्हटलं. मग उद्या तुला ताप होता. नंतरचे दिवस औषधांच्या वेळांचे झाले. तेवढं एक राहिलं, दादा. इथे लिहिते आहे: तू भित्रा नव्हतास. तू कोवळा होतास, आणि कोवळेपणाला क्षमा नसलेल्या जागी तुला पाठवलं होतं.

परवा वहिनी आल्या होत्या. तुझं कपाट लावायला मदत करते म्हणाल्या. आम्ही पलंगावर बसून तुझे शर्ट घड्या करत होतो, वापरता येतील ते एकीकडे, विरलेले दुसरीकडे. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं, साधी काळी टिकली होती. शाळेतल्या मुलांच्या गमती सांगत होत्या. कुणी निबंधात 'माझे आवडते फूल' म्हणून फ्लॉवर लिहिला होता, त्यावर स्वतःच हसत होत्या. मला ते हसणं बघून धीर आला आणि भीतीही वाटली. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं.

"वहिनी, दादाच्या मागे मी लागले होते. अकरा वर्षं. तो एकटा असता तर कदाचित न सांगताच गेला असता. तुमचं निदान कुणीतरी येणार होतं, तेही मी काढून घेतलं. त्या दिवशी आम्ही आलोच नसतो तर बरं झालं असतं का? माझ्यासाठी गोड बोलू नका. खरं सांगा. तुमचं काय झालं त्यात?"

त्यांनी हातातला शर्ट पुरा घडी केला, कॉलर नीट बसवली, इतर शर्टांवर ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या,

"सुटले."